आत्याचं साखरपाणी

माझी आत्या थांबून ऐकणाऱ्यांपैकी नव्हे. एकतीस वर्षं तिने चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या. दुकानाच्या मागच्या बाजूला पडद्याआड एक फिरतं चाक, त्यावर थेंब थेंब पडणारं पाणी आणि समोर स्टुलावर आत्या. काच चाकाला लावायची, उचलायची, फ्रेमला धरून बघायची, परत चाकाला. अर्धा मिलिमीटर जास्त गेला की काच वाया. तिची जात नसे. त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूक तिला कुठेच सहन व्हायची नाही, आणि जगात तर अशा चुका पावलोपावली. गिऱ्हाईक आपली तक्रार सांगायला लागलं की त्याचं वाक्य हीच पुरं करायची. गल्लीतली पोरं तिला मागून 'मायनस' म्हणत. तिला ते माहीत होतं. "मायनस तर मायनस," ती म्हणायची, "माझ्या काचेतून निदान दिसतं तरी."

तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझे बाबा, तिच्या अगदी उलटे. ते घाऊक भाजीबाजारात बोली पुकारायचे. टोमॅटोच्या क्रेटवर चढून उभे राहिले की दोनशे माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत असत. बोली चढली की ते हात वर करून "अरे वा!" म्हणायचे, आणि ते ऐकून लोक उगाचच आणखी बोली वाढवायचे.

एके सकाळी त्याच क्रेटवर त्यांचं वाक्य मधेच अडकलं. लोकांना वाटलं गंमत करताहेत. मग ते उजवीकडे कलले.

दोन महिन्यांनी दवाखान्यातून सुटले तेव्हा उजवा हात लुळा होता, काठी धरून दहा पावलं टाकता येत होती आणि सगळ्या बोलण्यातून दोनच शब्द उरले होते. अरे वा. भूक लागली, अरे वा. पाय दुखतोय, अरे वा. समजत सगळं होतं. तोंडाशी यायचे मात्र तेवढेच दोन शब्द.

माझी आई नाही. मी नोकरीला दुसऱ्या गावात. मी काही म्हणायच्या आत आत्याचा फोन आला. "दादा माझ्याकडे येतोय. तू मधे बोलू नकोस." मी बोलतच नव्हते.

आत्याचं घर दोन खोल्यांचं, मागे छोटं अंगण. अंगणाला फरशी, फरशीवर एक पान पडलेलं चालत नसे. कपड्यांची दोरी, एक नळ, आणि डाव्या कोपऱ्यात अर्ध्या कापलेल्या पिंपात लिंबाचं झाड. बी लावून सात वर्षं वाढवलेलं. आजवर एकही लिंबू दिलं नव्हतं, पण त्या वर्षी पहिल्यांदा कळी धरली होती आणि आत्या तिच्याकडे रोज चष्मा पुसून बघत होती.

बाबांची खुर्ची तिने मागच्या खिडकीशी ठेवली. पहिल्या आठवड्यात एक फुलपाखरू चुकून आत आलं आणि पडद्यावर बसलं. बाबांनी मान वळवली, ते उडालं तसे डोळे त्याच्या मागे गेले, आणि ते म्हणाले, "अरे वा." स्पीच थेरपिस्ट तेव्हा समोरच होती. तरुण मुलगी, आठवड्यातून दोनदा यायची. ती एकदम पुढे सरकली.

"हे खरं अरे वा होतं," ती म्हणाली. "सूर ऐकलात ना? त्यांना जे बघावंसं वाटतं ते रोज दाखवा. त्यावर बोला त्यांच्याशी. शब्द तिथूनच फुटतो."

"फुलपाखरं? रोज?" आत्या म्हणाली. "ती काय दूधवाल्याकडे मिळतात?"

पण काम म्हटल्यावर आत्या मागे हटणारी नव्हे. दुकानात तिला अजूनही अवघड काचांसाठी बोलवत. तिथे एक जुनं गिऱ्हाईक होतं, निवृत्त विज्ञानमास्तर. त्यांचा चष्मा करता करता तिने त्यांना विचारलं. मास्तर खूश. एक भाग साखर, दहा भाग पाणी, उकळून गार करायचं. बाटलीच्या झाकणात भांडी घासायच्या स्पंजचा लाल-पिवळा तुकडा ठेवायचा, तो त्या पाण्यात भिजवायचा आणि झाकण दोऱ्याने टांगायचं. शिवाय एका ताटलीत काळी पडलेली केळी कुस्करून ठेवायची. "वास सुटला की आलीच म्हणून समजा," मास्तर म्हणाले.

वास सुटला. आल्या त्या मुंग्या.

"दोऱ्यावरून उतरतात गं, रांगेने," आत्या मला फोनवर सांगत होती. "जशी काही मी पंगत मांडली आहे." तिने दोऱ्याला तेल लावलं. मुंग्या थांबल्या, तेल ठिबकून फरशीवर डाग पडला. तिने फरशी घासली. दुसऱ्या दिवशी माश्या. तिसऱ्या दिवशी गांधीलमाश्या, आणि त्या शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खिडकीवरही घोंगावायला लागल्या. डॉक्टरीणबाई भिंतीवरून डोकावल्या.

"अहो, माझ्या पेशंटला खुर्चीत चावली. तोंड उघडं टाकून बसलेला माणूस तो, पळणार कुठे?"

"मग मी काय करू? मी गांधीलमाश्यांना बोलावलेलं नाही."

"साखर टांगून ठेवल्यावर आणखी कसं बोलावतात?"

त्या दिवशी आत्या संध्याकाळपर्यंत भांडी आपटत होती.

तिने झाकणं बदलली. पाणी पातळ केलं, घट्ट केलं. स्पंजऐवजी कापसाचा बोळा, बोळ्याऐवजी कापडाची फुलं. ही फुलं तिने जुन्या पिवळ्या उशीच्या अभ्र्यातून कापली होती, सगळ्या पाकळ्या एका मापाच्या. मी रविवारी गेले तेव्हा अंगणाच्या उजव्या भिंतीवर अकरा झाकणं ओळीने टांगलेली, प्रत्येकात सारखं अंतर. मी हसले. "हसू नकोस," ती म्हणाली. "दादाला विचार, त्याने एकदाही तिकडे बघितलेलं नाही. मी इथे मरमर मरतेय आणि हा ढिम्म."

खरंच, बाबा तिकडे बघतच नव्हते. आत्या त्यांच्या उजव्या खांद्याशी उभी राहून "दादा, ते बघ, तिकडे, तिकडे रे!" म्हणून ओरडायची आणि ते समोर नळाकडे बघत बसायचे. पालथ्या घड्यावर पाणी. जेवणातही त्यांनी नवीनच खोड काढली होती. ताटातलं अर्धं जेवायचे, अर्धं तसंच. "माझ्या हातचं आवडत नाही तर तसं दाखव तरी," आत्या म्हणायची. बाबा म्हणायचे, "अरे वा."

अखेर एक दिवस एक फुलपाखरू आलं. तपकिरी, जाडसर, वाळक्या पानासारखं. कुजक्या केळ्याच्या ताटलीवर उतरलं आणि सोंड लावून बसलं. आत्या पायाच्या चवड्यांवर घरात गेली, बाबांना हाताला धरून उठवलं, काठी दिली, दहा पावलं चालवत दारापर्यंत आणलं. तेवढ्यात भिंतीच्या कपारीतून सरडा निघाला आणि एका झेपेत फुलपाखरू घेऊन गेला. ताटलीवर एक पंख उरला.

"आयत्या बिळावर नागोबा!" आत्या चप्पल घेऊन धावली. "माझी केळी, माझी मेहनत, आणि जेवणार हा!"

त्या आठवड्यात थेरपिस्ट आली तेव्हा आत्याने तिच्यावरच सगळा राग काढला. मुलीने ऐकून घेतलं, मग बाबांसमोर बसून एक पेन्सिल हळूहळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेली. पेन्सिल नाकासमोरून उजवीकडे गेली की बाबांचे डोळे तिला सोडून द्यायचे. तिने परत नेली. परत तेच.

"यांना उजव्या बाजूचं दिसत नाही," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांनी. डोळे चांगले आहेत, पण मेंदूपर्यंत ती अर्धी बाजू पोचत नाही. दवाखान्याच्या कागदात आहे बघा."

कागद आत्याच्या कपाटात होता. घडी करून, पिशवीत घालून, इतर कागदांच्या बरोबर वर. वाचलेला नव्हता. डॉक्टर समजावत होते तेव्हा, मला आठवतं, तिनेच त्यांचं वाक्य तोडून "कळलं, कळलं, औषधं किती वेळा?" असं विचारलं होतं.

आत्याने कागद उलगडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग म्हणाली, "एकतीस वर्षं डोळ्यांचं खाल्लं मी." थेरपिस्ट गेल्यावर तिने बाबांचं ताट अर्धं फिरवलं. बाबांना उरलेलं अर्धं जेवण दिसलं आणि ते खायला लागले. आत्या स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडून ठेवला. मी त्या दिवशी तिथे होते म्हणून सांगते, भांडी घासलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची सरकवली. खिडकी सोडून थेट अंगणाच्या दारात, अशी की डावा कोपरा, म्हणजे लिंबाचं झाड, बाबांच्या बरोबर समोर यावं. झाकणं काढून त्या बाजूच्या दोरीवर लावायची होती, पण त्याआधी एक काम होतं. लिंबाला कीड लागली होती.

कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या शिटेसारखे काळे-पांढरे ठिपके दिसायचे, ते हलायचे. मोठे झाले की हिरवे, बोटाएवढे लठ्ठ, आणि भूक अशी की एका दिवसात फांदी साफ. आत्या रोज सकाळी काचा पकडायचा चिमटा घेऊन त्यांना एकेक करून उचलायची आणि साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकायची. गेला दीड महिना हे चालू होतं. चिमट्यात धरलं की अळी डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढायची आणि घाण वास सोडायची, म्हणून आत्याचा तिच्यावर विशेष राग.

खिडकीतून तो कोपरा दिसत नसे; त्या सकाळी बाबांनी पहिल्यांदा हे पाहिलं.

"अरे वा!" ते ओरडले.

"बघ ना," आत्या म्हणाली, "सात वर्षांचं झाड खाऊन टाकतील मेल्या." आणि आणखी एक डब्यात टाकली.

"अरे वा! अरे वा!"

आत्या खूश झाली. कित्येक दिवसांत भावाने इतका उत्साह दाखवला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांना नीट दिसावं म्हणून तिने अळी त्यांच्यासमोर धरून मग बुडवली. बाबांचा चेहरा लाल झाला, खुर्चीचा दांडा त्यांनी डाव्या हाताने धरला, आणि "अरे वा, अरे वा, अरे वा" म्हणत राहिले. आत्याने मला फोन केला. "अळ्या मारल्या की दादा किती बोलतो! उद्यापासून आणखी शोधते."

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी मी शनिवारची पोचले तेव्हा दोघं अंगणात होती. आत्या चिमटा घेऊन वाकली आणि बाबा खुर्चीतून उठले. काठीशिवाय. दोन पावलं टाकली, तिसऱ्याला तोल गेला, आणि पडता पडता त्यांनी डाव्या पायाने साबणाचा डबा उडवला. मी धावले. आत्या ओरडली, "वेडा झालास का? हाड मोडलं असतं तर?"

बाबा फरशीवर साबणाच्या पाण्यात बसले होते. शेजारी चार अळ्या पडलेल्या. त्यातली एक त्यांनी डाव्या हाताने उचलली, मांडीवर ठेवली. मग तोच हात वर करून बोटं जोडली आणि सोडली, जोडली आणि सोडली, आणि हात हवेतून हळूहळू वर नेला. परत अळीकडे बोट. परत हात हवेत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडातून तेच दोन शब्द येत होते.

मला कळलं. आत्याकडे पाहिलं तर तिलाही कळलं होतं. तिच्या हातातला चिमटा अजून उघडाच होता.

"ही?" ती म्हणाली. "ह्याच?"

बाबांनी मान हलवली.

"दीड महिना मी अकरा झाकणं टांगून..." तिने झाडाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. आणि मग ती भडकली. "अरे, मग सांगायचं ना! पाच दिवस नुसतं अरे वा, अरे वा! अरे वा काय, कपाळ माझं! नको म्हणायचं असलं की असं म्हणतात?"

तोंडातून गेल्यावर आपण काय बोललो ते तिला उमगलं. ती एकदम थांबली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते हसायला लागले. अर्धाच चेहरा हसत होता, पण आजारपणानंतर पहिल्यांदा हसत होता. पाण्यात बसून, कपडे भिजलेले, खांदे हलत होते. आत्या त्यांच्यासमोर फरशीवर बसली आणि आधी हसली, मग पदराने तोंड झाकून रडली, आणि मधूनच म्हणत राहिली, "हसतोय बघ. हसतोय."

त्या दिवशी बाबांना कोरडे कपडे घातल्यावर पहिलं काम झालं ते झाकणं उतरवायचं. सगळी कचऱ्यात गेली, पिवळ्या पाकळ्यांसकट. मग तिने मास्तरांना फोन लावला. "तुम्ही मला अळ्यांचं का नाही सांगितलंत?" मास्तर म्हणाले, "बाई, मी सांगतच होतो. तुम्ही म्हणालात, कळलं, कळलं."

आत्याने फोन ठेवला.

आता नवीन त्रास सुरू झाला. झाड खाऊ द्यायचं, आणि खाणाऱ्यांना सांभाळायचं. फांदीवर सतरा अळ्या होत्या. बुलबुलाने चार नेल्या. गांधीलमाश्यांना या अंगणाची सवय लागलीच होती, त्यांनी पाच. "सवय मीच लावली," आत्या म्हणायची, आणि हातात वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन पहारा द्यायची. शेवटी तिने मच्छरदाणी फाडून झाडावर शिवली. जिथे कळी धरली होती ती फांदीही अळ्यांनी संपवली. तिने ते पाहिलं आणि ओठ मिटले. बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला. "राहू दे," ती म्हणाली. "सात वर्षं थांबले, आठवं जाऊ दे."

काही अळ्या आपोआप मेल्या, काही कुठे गेल्या कळलं नाही. उरले तीन कोश, काडीला रेशमाचा पट्टा बांधून टेकलेले. दहा दिवस आत्या त्यांच्याकडे बघून चिडत होती. "हलत नाही, बोलत नाही, आत काय चाललंय ते कळत नाही." मग बाबांकडे बघून म्हणायची, "तुला नाही म्हटलं." एक कोश काळा पडून सुकला.

दुसरा फुटला तेव्हा आत्या घरी नव्हती. दुकानात एका मुलीचा जाड नंबरचा चष्मा अडला होता, दोन तासांसाठी बोलावलं होतं. जाताना तिने बाबांना जाळीशी बसवलं आणि शेजारच्या डॉक्टरीणबाईंना लक्ष ठेवायला सांगून गेली. परत आली तर जाळीची कड वर केलेली, आत रिकामं टरफल, आणि बाबा खुर्चीत ताठ बसलेले, तोंड उघडं.

"गेलं?" आत्या ओरडली. "माझ्या पाठीमागे? एवढं करून मीच नव्हते?"

बाबांनी हात वर केला. आत्या पुढे बोलणार होती, पण त्यांच्या तोंडाची हालचाल तिने पाहिली. अरे वा साठी ओठ असे होत नाहीत. ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून समोरच्या उंबऱ्यावर बसली.

वेळ गेला. ओठ जुळत, सुटत. तिच्या जिभेवर दहा शब्द आले असतील. उडालं? पिवळं? मोठं? तिने एकही पुढे केला नाही. मला हे तिनेच सांगितलं, आणि सांगताना म्हणाली की एकतीस वर्षांत चाकासमोर हात जेवढा आवरला नव्हता तेवढी तिने जीभ आवरली.

"ओ..." बाबा म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. मग, "ओलं."

"ओलं," आत्या म्हणाली.

"ओलं." त्यांनी हाताने पंख दाखवले, चुरगळलेले, मग उघडत गेलेले. "ओलं. ओलं." मग हात जोरात झटकून वर.

"मग वाळलं आणि गेलं."

त्यांनी मान हलवली, आणि दमून डोळे मिटले.

तिने मला ऑफिसात फोन करून पाऊण तास हे सांगितलं. आनंदात नव्हे, वैतागून. एवढ्या शब्दांतून ओलं हाच शब्द का, निदान बहिणीला नावाने हाक तरी मारायची. शिवाय फुलपाखरू कसं होतं ते तिला अजून माहीतच नव्हतं, आणि जे पाहिलेलं नाही त्याच्यासाठी झाड घालवलं, असं लोक म्हणतील.

तिसरा कोश रविवारी सकाळी काळपट दिसायला लागला. मी होते. आत्याने दुकानात निरोप पाठवला की आज जमणार नाही, आणि दोन खुर्च्या शेजारी लावल्या, तिची बाबांच्या डाव्या बाजूला. साडेआठला टरफल तडकलं. आतून एक ओलसर, सुरकुतलेलं काहीतरी बाहेर आलं आणि काडीला लटकलं. पंख नाहीतच, असं वाटत होतं.

"एवढंसंच?" आत्या म्हणाली. "हे अपुरं आहे. ह्याला काही झालंय का? मदत करू का? जरा चिमट्याने..." आणि ती उठलीसुद्धा.

"थांब," बाबा म्हणाले.

स्पष्ट. बाजारातल्या आवाजाचा एक तुकडा होता त्यात. आत्या अर्धी उठलेली तशीच राहिली, मग खाली बसली. मी त्यांच्याकडे बघत होते, ती दोघं जाळीकडे. पंख इतके सावकाश भरत होते की हलताना दिसत नव्हते. नजर काढून परत बघितलं तरच फरक कळायचा. काळ्यावर फिकट पिवळे ठिपके उमटत गेले. आत्याने दोनदा घड्याळ बघितलं, एकदा "बाई बाई, किती वेळ" म्हणाली, पण जागची उठली नाही. दहाच्या सुमाराला तिने जाळी उचलून धरली. फुलपाखरू उघड्या झाडावर दोन-तीनदा पंख हलवून बसून राहिलं, मग भिंतीवरून पलीकडे गेलं.

आत्याने जाळीची घडी घातली. "बरं," ती बाबांना म्हणाली, "आता जेवणार काय ते तुझं तू सांग. मी मधे बोलणार नाही."

बाबांनी विचार करायला सुरुवात केली. आत्या पुन्हा खुर्चीत बसली.